औषध फुकट, गाडीभाडं वेगळं

सोमवार : रत्नागिरी

मिरकरवाड्याच्या जेटीवर सकाळी पाय ठेवायला जागा नसते. बर्फ फोडणारे, टोपल्या डोक्यावर घेऊन धावणाऱ्या बायका, डिझेलची पिंपं, लिलावाचा गलका, आणि या सगळ्यातून खांद्याला सॅक अडकवून वाट काढणारा क्षयरोग विभागाचा एक सुपरवायझर. हा माझा जुना विद्यार्थी. मी पुण्यात समाजशास्त्र शिकवते, त्यात वैद्यकीय मानवशास्त्राचा एक पेपर आहे. दरवर्षी वर्गात हैती, पेरू, रवांडा अशा उदाहरणांचा फेरफटका मारून झाला की मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, आपल्याकडे काय?" हा तेव्हा विचारणाऱ्यांतला. परवा फोनवर म्हणाला, "या की एकदा, दाखवतो." फाल्गुन लागला होता. शिमग्याची गर्दी सुरू व्हायच्या आत रजा टाकली आणि स्वारगेटहून रात्रीची गाडी पकडली.

तो शोधत होता एका खलाशाला. उत्तर कन्नडमधला तिशीचा माणूस, ट्रॉलरवर कामाला, थुंकीच्या तपासणीत टीबी निघालेला. टीबीचं नेहमीचं औषध सहा महिन्यांचं : पहिले दोन महिने चार औषधं एकाच गोळीत, पुढे चार महिने तीन. आधी आपल्याकडे आठवड्यातून तीनदा कोणासमोर तरी गोळ्या घ्यायची पद्धत होती, २०१७ पासून देशभर रोजची गोळी आली. कागदावर सोपं. पण बोट रात्री जाते ती कधी दुसऱ्या दिवशी येते, कधी आठवड्याने. बोट लागते तेव्हा ओपीडी चालू असते आणि खलाशी मासळी उतरवत असतो. मासळी उतरून, जाळी आवरून होईतो केसपेपरची खिडकी बंद.

"पहिल्या आठवड्यात काय झालं ते ह्यांनाच विचारा," विद्यार्थी म्हणाला. खलाशी लाजला, तांडेलाने, म्हणजे बोटीच्या कप्तानाने सांगितलं. या गोळीत रिफाम्पिसिन असतं, त्याने लघवी लालसर नारिंगी होते. बोटीवर आठ-दहा माणसं, आडोसा कसला? कडेला उभं राहायचं. बाकीच्यांनी पाहिलं आणि ह्याला रक्त पडतंय म्हणून बोंब झाली. गोळ्या देताना हे सांगायचं कोणाला सुचलं नव्हतं. तांडेलाने पुढच्या खेपेला त्याला किनाऱ्यावरच ठेवलं. खेप नाही तर पैसा नाही. गोळ्या घेतल्या की काम जातं एवढं गणित मांडून त्याने गोळ्या बंद केल्या.

मग माझा विद्यार्थी बोटीवर चढला, तांडेलासमोर मांडी घालून बसला, चहा प्यायला आणि रंगाचं कारण सांगितलं. औषध नीट सुरू राहिलं की दुसऱ्याला लागण व्हायचा धोका झपाट्याने कमी होतो, हेही सांगितलं. असलं काम कुठल्या रकान्यात भरायचं ते त्याला अजून कळलेलं नाही. आता गोळ्या तांडेलाच्या पत्र्याच्या डब्यात असतात, काडेपेटी, बिड्या आणि बोटीच्या कागदांशेजारी. सकाळच्या चहाबरोबर तो पट्टी काढतो आणि काही न बोलता पुढे करतो. मी डबा उघडून पाहिला. पाकिटावर पेनने रोजच्या खुणा केलेल्या, आणि एका खुणेवर माशाचा खवला चिकटून सुकलेला.

पॉल फार्मर या अमेरिकन डॉक्टर-मानवशास्त्रज्ञाने हैतीत याच कामाला नोकरी केलं. १९८०च्या दशकात ते कांज नावाच्या डोंगरी वस्तीत पोचले, १९८७ मध्ये मित्रांबरोबर 'पार्टनर्स इन हेल्थ' ही संस्था काढली, आणि २०२२च्या फेब्रुवारीत रवांडात, बासष्टाव्या वर्षी गेले. रुग्णाच्या शेजारचाच माणूस पगारावर नेमायचा, त्याने रोज रुग्णाच्या दारात जायचं, हा त्यांच्या कामाचा पाया. आपल्याकडेही उपचार पूर्ण करून घेणाऱ्याला थोडं मानधन मिळतं. पण त्यासाठी नाव नोंदवावं लागतं, आणि तांडेलाला आपलं नाव कुठल्याच सरकारी कागदावर नको होतं. का ते विचारू नये, असा विद्यार्थ्याचा सल्ला. मी विचारलं नाही.

मंगळवार : पावस, जैतापूर, देवगड

सागरी रस्ता डोळ्यांना देखणा, कमरेला जड. पावस, पूर्णगड, आडिवरे, जैतापूर. खाडी आली की पूल, पूल संपला की चढ. मोहोर गळल्याची तक्रार प्रत्येक टपरीवर ऐकली. ती दरवर्षीच असते.

देवगडच्या कातळावर आंब्याच्या बागा राखायला नेपाळी कुटुंबं असतात. पावसाळा सरला की येतात, आंबा उतरला की पाऊस लागायच्या आत जातात. एका बागेच्या कोपऱ्यात चिऱ्याची खोली, वर पत्रा, दारात राखणदाराची बायको तांदूळ निवडत बसलेली. तिला जानेवारीत टीबी निघाला. औषध जुलैत संपणार, बाग मे अखेर संपणार. नेपाळातही टीबीचं औषध सरकारी आणि फुकट आहे, सीमा उघडी आहे, माणूस पासपोर्टाशिवाय जातो. तिचा निक्षय क्रमांक, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणीतला नंबर, मात्र सीमेपलीकडे कोणाच्या संगणकावर उघडत नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या ओळखीच्या इथल्या कार्यकर्त्याने तिच्यासाठी हिंदीत एक चिठ्ठी लिहून ठेवली आहे : कुठलं औषध, किती वजनाला किती गोळ्या, कोणत्या तारखेपर्यंत झालं. पुढच्या गोळ्यांचा साठा बरोबर देता येईल का, यावर त्याचं वरिष्ठांशी बोलणं चालू होतं.

टीबीच्या रुग्णाला खाण्यापिण्यासाठी सरकार पैसे देतं. २०१८ पासून महिना ५०० रुपये, नोव्हेंबर २०२४ पासून १०००. ते बँक खात्यात जमा होतात आणि हिला इथे खातं नाही. बागायतदार भला माणूस निघाला. त्याच्या घरून तांदूळ आणि अंडी येतात. बागायतदार भला नसता तर, या प्रश्नाचं उत्तर योजनेत सापडत नाही.

शेजारच्या घरात एक आजी भेटल्या. "गो बाय, बस," म्हणून पुढ्यात ताक ठेवलं. त्यांचे सासरे मुंबईला गिरणीत होते. खोकला लागला, खोलीतल्या माणसांनी बोटीत बसवून गावी पाठवलं, मग मिरजेला सॅनेटोरियममध्ये ठेवलं. ठेवायला जमीन विकली. सासरे गेले ते गेले, जमीनही गेली. कोकणातल्या पुष्कळ घरांत अशी एक गोष्ट असते, आणि ती सांगताना आवाज खाली येतो.

खाट भाड्याने घेऊन बरं व्हायचं हे दिवस संपले त्याचं श्रेय मोठ्या प्रमाणात मद्रासला जातं. १९५६ पासून तिथल्या क्षयरोग केमोथेरपी केंद्रात वॉलेस फॉक्स आणि सहकाऱ्यांनी गरीब वस्तीतले रुग्ण दोन गटांत वाटले. निम्मे सॅनेटोरियममध्ये, निम्मे घरी, औषध दोघांना तेच. घरी दाटीवाटी, जेवण बेताचं, तरी वर्षअखेर दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले. घरच्यांना लागणही जास्त झाली नाही. १९५९ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि जगभर सॅनेटोरियमची गरज संपत गेली. गरिबावर याहून मोठा उपकार क्वचितच कुठल्या प्रयोगाने केला असेल. पण त्याचा एक सोयीस्कर अर्थही काढला गेला : गोळ्या दिल्या की झालं, जेवणाचं आपण कशाला बघायचं? हा अर्थ पुढे कित्येक वर्षं टिकला. झारखंडमध्ये अनुराग आणि माधवी भार्गव यांच्या गटाने टीबीच्या रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना शिधा देऊन पाहिला. घरच्यांना माणशी महिना पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. २०२३ मध्ये निकाल आले : शिधा मिळालेल्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी. उपाशी माणसाला गोळ्या देणं म्हणजे हात धुऊन मातीला पुसणं, अशी हैतीत म्हण आहे. तिला आकडा मिळायला झारखंडपर्यंत यावं लागलं.

बुधवार : आचऱ्याच्या वाटेवर

देवगडहून आचऱ्याकडे जाताना एका वाडीतल्या देवळात थांबलो, पाणी प्यायला. आत कौल चालू होता.

गुरवाने पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. समोर पन्नाशीची एक बाई, तिचा दीर आणि दिराचा मुलगा. बाईचा नवरा महिनाभर तापाने आणि खोकल्याने पडलेला, जवळच्या डॉक्टरने मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलेलं. मला वाटलं, न्यायचं की नाही असं विचारणार. प्रश्न निराळाच होता : बांबोळीक न्हेव, की कोल्हापुराक? उजवी पाकळी पडली तर बांबोळी, म्हणजे गोव्याचं मेडिकल कॉलेज. डावी पडली तर घाट चढून कोल्हापूर. बराच वेळ काहीच पडेना. बाहेर कोणाची तरी रिक्षा चालू ठेवलेली, तिचा आवाज. मग उजवी सुटली. दीर गप्प झाला, पोराने तिथूनच गाडीवाल्याला फोन लावला.

बाईला बाहेर विचारलं. दिराचे पाव्हणे कोल्हापुरात, भाडं तो देणार, म्हणून त्याला कोल्हापूर हवं होतं. हिला बांबोळी हवी होती, कारण तिथे हिची बहीण जवळ राहते आणि आपण किती दिवस दवाखान्यात बसणार हे हिला ठाऊक. सुनेने दिराला उलटून बोलायचं कसं? देवाने सांगितलं की वाद मिटला, आणि पुढे काही बरंवाईट झालं तर तिच्यावर बोट यायचं नाही. "देवाकय सांगलंय, डॉक्टराकय सांगलंय," ती म्हणाली. "खयच्याय हातान बरो होवंदे."

शहरात आम्ही अशा बायांवर व्याख्यानं देतो. अंधश्रद्धेमुळे उपचाराला उशीर होतो, समाजप्रबोधन हवं, वगैरे. उशीर होतो हे खरंच. मांत्रिकाच्या नादाने पोर हातचं गेलेली घरं मलाही माहीत आहेत आणि त्यावर पांघरूण घालायची माझी इच्छा नाही. पण टीबीपुरतं हे कोणीतरी तपासून पाहिलेलं आहे. हैतीत पुष्कळांची समजूत अशी की टीबी कोणीतरी करणी करून 'पाठवतं'. फार्मर यांनी दोन गटांची तुलना केली. एका गटाला फुकट औषध. दुसऱ्या गटाला फुकट औषध, शिवाय प्रवासखर्च आणि खाण्यासाठी दरमहा थोडी रोकड, आणि घरी येणारा आरोग्यसेवक. दुसऱ्या गटातले सगळे बरे झाले. पहिल्यातले जेमतेम निम्मे. करणी मानणारे आणि न मानणारे यांच्यात औषध घेण्याच्या बाबतीत फरक दिसला नाही. श्रद्धा आडवी आली नाही, गाडीभाडं आलं. ही गोष्ट मी वर्गात सांगते तेव्हा मुलं वहीत लिहून घेतात. देवळाच्या पायरीवर बसून ती पहिल्यांदा मलाच नीट समजली.

आचऱ्याला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. आचऱ्याची गावपळण सगळ्या महाराष्ट्राला वर्तमानपत्रांतून ठाऊक आहे. तीन-चार वर्षांतून एकदा, रामेश्वराचा कौल झाला की अख्खं गाव वेशीबाहेर जातं. गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री, सगळी जाती-धर्मांची माणसं. तीन दिवस, तीन रात्री राहुट्यांत राहायचं, गाव मोकळं ठेवायचं, आणि पुन्हा कौल घेऊनच परतायचं. रामेश्वराच्या देवळापाशी एक निवृत्त मास्तर भेटले, त्यांनी रंगवून सांगितलं. रात्री भजनं, मासे, पत्ते, पोरांची मजा. भुताखेतांसाठी गाव रिकामं करतात म्हणतात, कोणी जुन्या साथींशी नातं जोडतं. मास्तरांचं म्हणणं, "कारण कशाला व्हयां? माणसां एकत्र येतत मां?"

मला मात्र १८९७चं पुणं आठवत राहिलं. तेव्हाही घरं रिकामी करायची होती. प्लेगात वस्तीतून बाहेर पडून माळावर राहणं हा उपाय तसा शहाणपणाचाच. पण तो सोजिरांनी घरात घुसून, देवघरं तुडवून, बायकामाणसांच्या अंगाला हात लावून केला, आणि जूनमध्ये रँडचा खून झाला. इथे तेच, घर सोडून तीन रात्री उघड्यावर, लोक हौसेने करतात, कारण केव्हा जायचं आणि केव्हा परतायचं हे गावाने आणि गावच्या देवाने ठरवलेलं असतं. साथीच्या कायद्यांची चर्चा करणाऱ्या मंडळींना एकदा आचऱ्याला आणून राहुटीत झोपवावं असं फार वाटलं. डास बऱ्यापैकी आहेत.

गुरुवार : मालवण

सकाळ मालवणजवळच्या एका सरकारी दवाखान्यात. थुंकी तपासायचं ट्रूनॅट यंत्र इथे आहे. ते शेजारच्या गोव्यातच बनतं, बॅटरीवर चालतं, आणि क्षयाचे जंतू आहेत का हे तासा-दीड तासात सांगतं. रिफाम्पिसिनला जंतू दाद देतात की नाही तेही त्यावरच कळतं. दहा वाजता वीज गेली तरी त्याचा दिवा चालू राहिला. लॅबवाल्या ताईंना त्याचं कौतुक, मलाही. पावसाळ्यात वीज दोन दोन दिवस जाते तिथे ही बॅटरीच खरी सोय.

बाकड्यावर बसलेल्या एका मासेवालीने सांगितलं, खोकल्याची ही तिची तिसरी की चौथी जागा. आधीच्या प्रत्येक ठिकाणी सिरप मिळालं. लाल, मग हिरवं. १९६३ मध्ये डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांचा कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तोवर सगळ्यांचा समज असा की खेड्यातला माणूस अडाणी, दवाखान्याकडे फिरकत नाही, म्हणून गाडीत एक्स-रे घालून त्याच्या दारी जायला हवं. अभ्यासात दिसलं की थुंकीत जंतू असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक आपणहून दवाखान्यात गेले होते आणि खोकल्याचं औषध घेऊन परतले होते. साठ वर्षं उलटली. बाटलीचा रंग तेवढा बदललेला.

इथेच एक कॉलेजातला मुलगा भेटला. त्याच्या टीबीला नेहमीची औषधं लागू पडत नव्हती, आता तो बेडाक्विलिन या नव्या औषधावर आहे. अशा रुग्णांना पूर्वी महिनोन्‌महिने इंजेक्शनं द्यायचे, काहींचे कान त्यात जायचे. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांचं असंच झालं. त्या आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले, दोघी टीबीतून उठलेल्या, दोघींची श्रवणशक्ती औषधाने गेलेली. बेडाक्विलिनचं पेटंट लांबवायच्या कंपनीच्या अर्जाला त्यांनी भारतात हरकत घेतली, आणि मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. मूळ पेटंट त्याच जुलैत संपलं. मुलाला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने मला फक्त विचारलं, "मॅडम, तुमका काय वाटता, परीक्षेक बसू?" मी म्हटलं, बस.

दुपारी बांगड्याचं तिखलं जेवले आणि झोपले.

शुक्रवार : कुडाळ, वेंगुर्ले

कुडाळच्या आसपास भातखाचरं सुकून भेगाळलेली. जुलैत यांतच गुडघाभर चिखल असतो, आणि उंदीर-घुशींच्या मुतातून लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतू. पायाला खरचटलेलं असतंच, तिथून ते आत शिरतात. लावणीच्या दिवसांत आठवड्याला एकदा डॉक्सिसायक्लिनची गोळी आणि जमल्यास गमबूट, असा सल्ला असतो. गमबूट घालून चिखलात लावणी करून दाखवा, असं एका शेतकऱ्याने मला सुचवलं. लेप्टोबद्दल यापेक्षा अधिक पावसात येऊनच लिहावं.

वेंगुर्ल्यात अमेरिकन मिशनचा जुना दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टर गोहीन यांचा मुलगा रॉबर्ट १९१९ मध्ये इथेच जन्मला, पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष आणि भारतात अमेरिकेचा राजदूत झाला. कोकणात मोठा दवाखाना हवा तर बाहेरून कोणीतरी यायला हवं, ही जुनी सवय दिसते. फळ संशोधन केंद्रात काजूच्या जाती पाहिल्या. 'वेंगुर्ला-चार', 'वेंगुर्ला-सात' ही नावं पुढे दोडामार्गात बायांच्या तोंडी सारखी ऐकायला मिळाली, म्हणून उल्लेख.

शनिवार : दोडामार्ग

सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग. पुढे साटेली-भेडशी, आणि मग तिलारीचं खोरं. केर-मोर्ल्याच्या बाजूला रस्त्याकडेच्या केळी मोडून पडलेल्या. हत्ती येऊन गेले होते. लोकांना हत्तींची सवय झाली नाही, पण आश्चर्यही उरलेलं नाही.

इथल्या माकडतापासाठी मी मुद्दाम आले होते. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली, पाठोपाठ माणसं तापाने आजारी पडू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने शोध लावला : विषाणू गोचिडीतून येतो. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज हे नाव तिथून पडलं. २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरीत दिसला, २०१६ मध्ये दोडामार्गात. अचानक ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, अंगदुखी, काहींना रक्तस्राव. शंभरातली तीन ते पाच माणसं दगावतात. त्यावर नेमकं औषध नाही. सलाईन, विश्रांती, लक्ष ठेवणं. कर्नाटकात लस होती, ती फारशी उपयोगी पडत नाही म्हणून थांबवली. हा ताप डोंगरातल्या गरिबांनाच होतो. दिल्ली-मुंबईत विमानतळावर होत असता तर नवी लस यायला इतका काळ लागला असता का, असा माझा एक कुजका प्रश्न आहे.

गोचिडीचा जोर डिसेंबर ते मे. काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे. सगळं दुखणं या दोन ओळींत आहे.

एका घराच्या पडवीत बसलो. घरधनीण गेल्या हंगामात माकडतापातून उठलेली. काजूच्या चिकाने तिच्या बोटांची सालं गेलेली, नखं काळी. समोर सुपात बिया. बोलता बोलता बोंड पिरगाळून बी वेगळी काढत होती, न बघता. आरोग्य खात्याची माणसं अंगाला लावायचं तेल देऊन जातात, गोचीड चिकटू नये म्हणून. लावतेस का विचारलं. हसली. बागेत शिरायच्या आधी लावते, पण तासाभरात घामाने उतरतं, आणि हात तेलकट झाले की बोंड निसटतं. मग पदराला हात पुसून काम चालू. माकड मेलेलं दिसलं तर कळवायचं असतं, तिथे भोवताली मॅलेथिऑनची भुकटी मारतात. ते ती कळवते. "रानात जाव नकात म्हणतत," तिने सूप बाजूला ठेवलं. "मगे खावचा काय? बी खाली पडता ती आमची वाट बघीत रवता?" काजूशिवाय पातेरा, म्हणजे वाळका पालापाचोळाही गोळा करायचा असतोच, आणि गोचिडीची जागा नेमकी त्या पातेऱ्यातच.

तिला ताप आला तेव्हा पहिल्या दिवशी पॅरासिटामॉल घेऊन बागेत, दुसऱ्या दिवशी पडून, तिसऱ्या दिवशी आशाताई आल्या आणि रक्त घेतलं. नमुना लांबच्या प्रयोगशाळेत. निकाल आला तेव्हा ती पुन्हा बागेत होती. आशाताई निकालाचा कागद घेऊन तिथेच गेल्या, आणि जाता जाता चार बोंडं घेऊन आल्या.

इथून तिलारीचं धरण जवळ. महाराष्ट्र-गोव्याचा संयुक्त प्रकल्प, गावं बुडाली ती दोडामार्ग तालुक्यातली, पाण्याचा मोठा वाटा गोव्याला. हैतीतलं कांज हे गावही धरणग्रस्तांचंच. १९५६ मध्ये आर्तिबोनित नदीवर पेलिग्रचं धरण झालं, खोऱ्यातली सुपीक शेतं बुडाली, आणि माणसं वर खडकाळ डोंगरात चढली. फार्मर तिथल्या रोगाची गोष्ट सांगताना धरणापासून सुरुवात करत, जंतूचा नंबर नंतर लागे. तिलारीमुळे माकडताप आला असं मी म्हणत नाही, तसं कोणी सिद्ध केलेलं नाही. पण या खोऱ्यातलं पाणी पायपाने गोव्यात जातं आणि त्याच खोऱ्यातला आजारी माणूस गाडीभाडं भरून गोव्यात जातो, हे एका नकाशावर काढून वर्गात लावणार आहे.

कारण इथेही शेवटी बांबोळीच. जिल्ह्याचं ठिकाण ओरोस, तिथे आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे, पण दोडामार्गाहून बांबोळी जवळ पडते आणि सवयही तीच. जानेवारी २०१८ पासून गोव्याने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा दोडामार्गात लोक रस्त्यावर आले होते. पुढे महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून वाट काढण्यात आली. योजनेत उपचाराचा खर्च बसतो.

बाकीचा खर्च कुठे बसतो ते संध्याकाळी भेडशीच्या नाक्यावर कळलं. तिथे एक जीपवाला आहे. रात्री-अपरात्री दार वाजलं की गाडी काढतो. त्याच्याकडे शाळकरी पोराची दोनशे पानी वही. डाव्या बाजूला वाडीचं नाव, मग 'बांबोळी', मग तारीख, मग रक्कम, आणि शेवटच्या रकान्यात उधारी कधी फिटणार : 'काजू विकल्यावर', 'शिमग्याक', 'झील मुंबयसून इल्यार'. काही ओळींवर काट. काही रकमांपुढे काहीच नाही.

"ह्ये कोण?" मी विचारलं.

"गेलो तो माणूस. तेच्या घराकडे कसो मागू?" पान उलटलं.

१०८ नंबरची अँब्युलन्स येत नाही का, विचारलं.

"येता मां. न्हेता. पण परत हाडीत नाय. बरो झालेलो माणूस बांबोळीसून घराक कसो येतलो? सलाईनची सुई काढल्यार दोन बशी बदलून?" म्हणजे याचा निम्मा धंदा बऱ्या झालेल्या माणसांचा. आरोग्य खात्याच्या कुठल्या तक्त्यात मी परतीचा प्रवास पाहिलेला नाही. वहीत त्याच्यासाठी वेगळं पान होतं.

त्या पानाचा फोटो काढू का, विचारलं. नावं झाकून काढा म्हणाला. मी नावांवर रुमाल धरला आणि त्यानेच मोबाइलचा टॉर्च दाखवला. नंतर म्हणाला, पहाटे पाचला मोर्ल्याच्या एका म्हाताऱ्याला घेऊन बांबोळीला निघतोय. मला थिविमला रेल्वेगाडी पकडायची असेल तर मागची सीट रिकामी आहे. म्हाताऱ्याच्या भाड्यात तेवढेच शंभर रुपये कमी होतील.